मसाल्यावरची नजर

सम्यकने दुधीची भाजी दुसऱ्यांदा वाढून घेतली, तेव्हाच कमलाबाईंच्या मनात पाल चुकचुकली. हा मुलगा एकोणतीस वर्षांचा झाला, बँकेत नोकरीला लागला, पण घरात दुधी शिजला की त्याला हटकून भूक नसायची. आज मात्र तो कढईचा तळ चमच्याने खरवडत होता.

"आई, सिरियसली सांगतो, एवढी भारी भाजी तू आजपर्यंत केलीच नव्हतीस," तो म्हणाला आणि आपण आईला खूश केलं अशा समजुतीत हात धुवायला गेला.

कमलाबाई करी रोडला अडतीस वर्षं भाज्या करत होत्या. चाळ पडली, तिथे टॉवर आला, त्या चौदाव्या मजल्यावर गेल्या, पण हात तोच राहिला. दुधी ऐनवेळी चिरायचा, मसाला कांदा मऊ झाल्यावर आच बारीक करूनच टाकायचा, म्हणजे करपत नाही, आणि पाणी भाजीत ओतायचं नाही, झाकणावर ठेवायचं. आजही त्यांनी सगळं असंच केलं होतं. कढईत नवीन काही गेलं असेल, तर तो यंदाचा मसाला.

आता हा मसाला म्हणजे त्या घराची इभ्रत. प्रमाण सासूबाईंचं, शेवंतीबाईंचं. कमलाबाई शेजारणीला ओंजळभर मसाला देतील, पण प्रमाण सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नाही. दर मे महिन्यात मिरच्या वाळवून, जिन्नस घरी भाजून लालबागला कांडायला न्यायचे आणि मसाला निघून गार होईपर्यंत घरच्या माणसाने समोर बसून राहायचं. तिथे दहा घरांचे मसाले शेजारी शेजारी पडलेले असतात आणि सगळे दिसायला लालच. यंदा गुडघा धरल्यामुळे त्यांनी नवऱ्याला, बुधाजींना पाठवलं होतं. बुधाजी महापालिकेच्या दवाखान्यात चौतीस वर्षं स्टोअरकीपर होते आणि आपल्या काळात बँडेजची एक गुंडाळीसुद्धा इकडची तिकडे झाली नाही, हे ते पाहुण्यांना न विचारता सांगत. तरीही निघताना कमलाबाईंनी त्यांना एकच सूचना दोनदा दिली होती, की मसाल्यावरची नजर काढू नका.

"खरं सांगा, मसाला गार होत होता तेव्हा तुम्ही कुठं बघत होता?" त्यांनी विचारलं.

"मसाल्याकडेच."

"सगळा वेळ?"

बुधाजींनी चष्मा काढून पुसायला घेतला, यातच उत्तर आलं. हळूहळू सगळं बाहेर पडलं. बाजूच्या स्टुलावर शिवाजी पार्कचे चिंतामणी नावाचे एक गृहस्थ बसले होते. त्यांनाही बायकोने असंच बजावून पाठवलं होतं. बोलता बोलता कळलं की दोघांनाही ब्लडप्रेशरची एकच गोळी आहे, पण चिंतामणी ती सकाळी घेतात आणि बुधाजी संध्याकाळी. मग बरोबर कोण, यावर पाऊण तास गेला. दोघांचेही तीन-तीन किलो मसाले वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी पसरलेले होते. शेवटी एकमेकांचे फोन नंबर घेऊन, जो ढीग पायाशी होता तो प्रत्येकाने पिशवीत भरला.

कमलाबाईंनी चिमूटभर मसाला जिभेवर ठेवला. पंचनामा लिहून घ्यावा तशा त्या म्हणाल्या, "यात भाजलेला गहू आहे. हरभऱ्याची डाळ आहे. हिंग कांडून घातलाय. हा माझा नाही."

मसाला बदलला याचं त्यांना एवढं वाटलं नसतं. पण मुलाने जन्मात पहिल्यांदा बोटं चाटली ती दुसऱ्या बाईच्या मसाल्यावर, हे त्यांना फार लागलं. खात्री करायला त्यांनी घेवडा केला, वांगी केली, शेवटी मुद्दाम पडवळ केलं. सगळ्या भाज्या फस्त झाल्या. सम्यकच्या बँकेतल्या एका बाईंनी तर डबा चाखून कृती लिहून मागितली.

"म्हणजे अडतीस वर्षं मी काय दगड खायला घालत होते तुम्हाला?" त्यांनी बुधाजींना विचारलं.

मग बुधाजींनी चिंतामणींना फोन लावला आणि सवयीने "जय भीम" म्हणाले. पलीकडून चिंतामणी घाईघाईने "नमस्कार, नमस्कार" म्हणाले आणि आवाज खाली आणून त्यांनी निरोप सांगितला. मसाला बदललाय हे त्यांच्या दुर्गाताईंच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं. तुमचा मसाला फार जहाल आहे, आमच्याकडे कुणालाच सोसत नाही, तेव्हा लवकर बदलून न्या, असं त्यांचं म्हणणं होतं. बुधाजींचा फोन स्पीकरवर होता. कमलाबाईंनी शब्द न शब्द ऐकला.

रविवारी सकाळी त्या गुडघ्याला पट्टा बांधून बुधाजींबरोबर शिवाजी पार्कला निघाल्या. पिशवी त्यांनी स्वतः भरली आणि स्वतःच धरली. पुन्हा बुधाजींच्या हातात मसाला द्यायची त्यांची तयारी नव्हती.

दुर्गाताईंनी दोघांचं अगदी अगत्याने केलं. कोकम सरबत दिलं, गुडघ्याची चौकशी केली. मग म्हणाल्या, "तुमचा मसाला चांगलाच असणार हो, पण आम्हा दोघांना इतक्या तिखटाची सवय नाही. डबा उघडला आणि तसाच बंद करून ठेवला."

चिंतामणी काहीतरी बोलायला पुढे झाले, तेव्हा दुर्गाताईंनी त्यांना आतून बर्फ आणायला पाठवलं.

कमलाबाईही मागे हटणाऱ्या नव्हत्या. "आमच्याकडे पण तेच ना. पोरगा बोलला, आई, फिक्कं लागतंय. परत हात नाय लावला कोणी."

बुधाजींना सरबताचा ठसका लागला. त्यांची पाठ थोपटता थोपटता दोन्ही बायका एकमेकींकडे बघून गोड हसल्या आणि पिशव्यांची अदलाबदल रीतसर पार पडली.

घरी आल्यावर कमलाबाईंनी पिशवी ओट्यावर ठेवली, पण उघडली नाही. दर वर्षी त्या मसाला बरणीत भरून, वर हिंगाचा खडा ठेवून झाकण लावत. आज नुसत्याच खुर्चीत बसून राहिल्या.

"कुणालाच सोसत नाही म्हणे," त्या म्हणाल्या. "पुढच्या साली नको कांडायला. दुकानातलं पाकीट आणत जा."

या बाईच्या हातच्या भाजीवर आपला जन्म गेला, हे आत्ता बोलायला हवं, एवढं बुधाजींना कळत होतं. पण असलं बोलायची सवय नव्हती. म्हणून त्यांनी सवयीचं काम केलं. आलेला माल वजन केल्याशिवाय आत घ्यायचा नाही, म्हणून ताणकाटा काढून पिशवी अडकवली. मग चष्मा लावून पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदा बघितलं.

"अगं, हा दोन किलो चारशेच भरतोय."

"बरोबर बघा."

"तीनदा बघितलं. सहाशे ग्रॅम कमी आहे. त्या तर बोलल्या, डबा उघडून बंद केला. दोन माणसांच्या घरात आठवड्यात एवढा मसाला जाईल कुठं? काढून ठेवलाय त्यांनी."

"काय केलंय?"

"काढून ठेवलाय. गुपचूप."

कमलाबाईंनी ते वाक्य आणखी एकदा म्हणायला लावलं. मग गुडघा विसरून त्या उठल्या, बरणी फडक्याने लख्ख पुसली आणि त्यात मसाला भरायला घेतला. इतका आनंद त्यांना चाळ जाऊन फ्लॅटची किल्ली हातात आली तेव्हाही झाला नव्हता.

बुधाजींमधला स्टोअरकीपर मात्र खवळला होता. हा सरळ सरळ अपहार आहे, आत्ताच्या आत्ता चिंतामणींना जाब विचारतो, म्हणत त्यांनी फोन उचलला. कमलाबाईंनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"राहू दे हो," त्या म्हणाल्या. "त्यांनी सहाशे काढला. मी त्यांचा चारशेच घेतलाय."