हिरव्या बिल्ल्यांचं गौडबंगाल

लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. माझं ऑफिस तिथेच, चपलांच्या दुकानावर. खिडकीत उभा राहिलो की सोळाही रस्त्यांवरचा एकही गुन्हेगार माझ्या नजरेतून सुटत नाही. गेल्या महिन्यात याच खिडकीखालून माझी स्कूटर चोरीला गेली, ती सतराव्या रस्त्याने गेली असणार. मी उमाशंकर, मराठवाड्यातला पहिल्या क्रमांकाचा खाजगी गुप्तहेर. दुसऱ्या क्रमांकावर सध्या कोणी नाही.

त्या सकाळी मन्मथअप्पा धापा टाकत जिना चढून आले. अप्पांची सोयाबीन बियाण्यांची कंपनी. मोठं ऑफिस लातूरला, शाखा नांदेडला.

"उमाशंकर, माझ्या हापिसात कायतरी भयंकर झालंय. चार दिवस झाले, कोणीच भांडून नाही राहिलं."

"मग चांगलंच आहे की!"

"डोंबलाचं चांगलं! रेणापूरचा ट्रक भरून उभा हाय, पेरणी तोंडावर आली, अन् त्याला 'जा' म्हणायला एक माणूस तयार न्हाई."

हकीकत अशी. अप्पांनी पुण्याहून सृष्टी मॅडमना बोलावून स्टाफला स्वभाव ओळखण्याचं प्रशिक्षण दिलं. कोणाशी कसं बोलावं हे कळलं की काम सुरळीत होतं म्हणे. मॅडमनी प्रश्नपत्रिका वाटली. उत्तरांवरून रंग ठरायचा आणि त्या रंगाचा बिल्ला मिळायचा. हुकूम सोडणारा लाल, गप्पिष्ट पिवळा, बारकावे बघणारा निळा आणि शांत, सोशीक तो हिरवा. निकाल लागला तेव्हा झाडून सगळे हिरवे निघाले.

"सगळे?" मी भुवई उंचावली. एकच उंचावायची असते, पण मला अजून ते जमत नाही.

"माझा ट्रक ड्रायव्हर आनंदराज बी! तो तर बंद पडलेल्या सिग्नलला शिव्या घालतो. अन् मॅडमचा नियम काय, तर हिरव्या माणसाला घाई करू नका, आवाज चढवू नका, त्याच्या कलानं घ्या. आता सगळेच एकमेकाच्या कलानं घेऊन राहिलेत. मी 'सोडा' म्हणलं, तरी 'सगळ्यांचं ठरू द्या' म्हणतात."

अप्पांनी शेवटचं सांगून टाकलं होतं. संध्याकाळपर्यंत ट्रक हलला नाही, तर माल पाठवायचं सगळं काम नांदेडला जाणार. त्या कामाच्या प्रमुख महानंदाबाई, म्हणजे त्यांनाही जावं लागणार. त्यांची अक्षरा यंदा बारावीला. लांबलांबचे लोक पोरांच्या शिकवणीसाठी लातूरला खोल्या घेतात, आणि या बाईंना ऐन बारावीत लातूर सोडावं लागणार होतं. मला खरोखर वाईट वाटलं. गुप्तहेरालाही काळीज असतं.

मी नवा कारकून म्हणून ऑफिसात शिरलो. वेष पक्का हवा म्हणून प्रश्नपत्रिकाही सोडवली. शेजारच्या टेबलावर महानंदाबाईंचा भरलेला कागद उघडा पडला होता. त्यावर माझी नजर पडली. नजर आहे, ती पडणारच. उत्तरं फोनवरून मॅडमना पाठवली आणि मलाही हिरवा बिल्ला मिळाला. मी तो खिशाला लावला आणि कामाला लागलो.

"संगमेश, ट्रक सोडायचा का रे?" महानंदाबाई विचारत होत्या.

"तुम्ही म्हणाल तसं, ताई," माल मोजून देणारा संगमेश म्हणाला.

"तसं नको. तुझ्या मनात काय हाय?"

"तुमच्या मनात हाय तेच."

"आनंदराज, तुझं काय?"

"तुमचं निवांत ठरू द्या, ताई. मी काय, बसलोय."

महानंदाबाई हसल्या, पण डोळे भरून आले होते. एरवी ही बाई ओरडली की गोदामातली कबुतरं उडायची, असं अप्पा सांगत होते. "मी हिरवी हाय म्हणे, सर," त्या मला म्हणाल्या. "इतकी वर्षं उगाच ओरडत होते. आता ओरडावं वाटलं की मॅडम आठवतात."

माझा मेंदू भराभर चालू लागला. पहिला संशय चहावर. गुंगीचं औषध! खात्री करायला मी कपामागून कप रिचवले. गुंगी आली नाही, छातीत मात्र धडधडू लागलं. दुसरा संशय मॅडमवर. संमोहन! त्यासाठी काहीतरी गोल फिरणारं लागतं. हॉलमध्ये फक्त पंखा होता आणि तो मॅडम येण्याच्या आधीपासून बंद होता. तिसरा संशय बिल्ल्यांवर. आत यंत्र बसवून विरोधी कंपनी लहरी सोडत असणार! मी एक बिल्ला दातांनी फोडून पाहिला. आत पत्रा निघाला आणि माझ्या दाढेतलं सिमेंटही निघालं.

"सापडला का गुन्हेगार?" अप्पांनी विचारलं.

"जाळं आवळत आणलंय," मी गाल धरून म्हणालो.

इतक्यात माझी बायको शिवकांता डबा घेऊन आली. मी तो घरी विसरलो होतो. मुद्दाम नव्हे. ती शाळेत मास्तरीण आहे आणि दरवर्षी परीक्षेला पर्यवेक्षक असते. अप्पांनी तिलाही सगळं रामायण ऐकवलं. तिने डबा टेबलावर ठेवला, चष्मा वर सरकवला आणि वर्गात विचारावं तसं विचारलं, "कोणाचं बघून लिहिलंत?"

सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले. मीही.

"नक्कल न्हाई हो वहिनी," महानंदाबाई पुटपुटल्या. "नुस्ती उत्तरं टॅली केली. संगमेश बारावीला बोर्डात आलेला. चुकीचं उत्तर देऊन पुण्याच्या मॅडमपुढं इज्जत कोण घालवंल?"

"अहो, स्वभावाला कुठलं आलंय बरोबर उत्तर!" शिवकांता म्हणाली. "पण म्हणजे हा संगमेश एकटा खरा हिरवा."

संगमेश चुळबुळ करू लागला. "म्या बी माझं न्हाई लिहिलं, बाई. मॅडम बोलल्या, जो जीव तुमच्या सगळ्यात जवळचा हाय, ज्याला तुम्ही आतून-बाहेरून ओळखता, त्याला डोळ्यापुढं आणा अन् उत्तरं द्या. मी आणलं."

"अरे, ते स्वतःला म्हणाल्या असतील! तू कोणाला आणलंस?"

"शेवऱ्याला."

"हा शेवऱ्या कोण?" मी वही उघडून कडाडलो.

"आमचा बैल. गावाकडं, देवणीला."

संगमेश धीर करून पुढे बोलला, "सगळं खरं लिहिलंय, अप्पा. ताण आला तर चिडता का? न्हाई चिडत. सहकाऱ्याच्या बरोबरीनं चालता का? लई झाक चालतो. वरिष्ठांचं ऐकता का? नुस्ती हाक मारली की ऐकतो."

महानंदाबाई उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल, आणि तो कोणत्याही प्रश्नपत्रिकेशिवाय झाला. त्यांनी बिल्ला उपटून टेबलावर आपटला आणि खिडकीतून अशी हाक दिली की कबुतरं खरंच उडाली.

"ए आनंदराज! काढ की गाडी! रेणापूर काय चालत इकडं येणार हाय का?"

"काढलीच, ताई!" आनंदराज खालून ओरडला. "कवाधरनं वाट बघून राहिलो, कोणी ओरडंल म्हणून!"

"अन् संगमेश, तू लई बोलतोस, दुकानदारांना फोन तूच लाव. माल निघाला म्हणावं." प्रशिक्षण अगदीच वाया गेलं नव्हतं.

ट्रक फाटकाबाहेर पडला. महानंदाबाईंनी अक्षराला फोन लावला. "कुठं जायचं न्हाई आपल्याला," एवढंच त्या बोलल्या आणि पदर डोळ्यांना लावला. मग अप्पा विषय बदलायला म्हणाले, "काय रे संगमेश, तुझा शेवऱ्या स्वतःच्या मनानं काहीच करत न्हाई का?"

"करतो की, अप्पा. संध्याकाळ झाली की घराकडं निघतो. कोणाला विचारत न्हाई."

सगळे खळखळून हसले. मीच सगळ्यात मोठ्याने हसलो. तेवढ्यात शिवकांताने माझ्या खिशाकडे बोट दाखवलं.

"अहो, हा हिरवा बिल्ला कसला?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. संध्याकाळ झाली होती. मी डबा उचलला आणि कोणालाही न विचारता घराकडे निघालो.