इंदूमावशींची वीत

ठाण्यात बाळकुमच्या आमच्या नव्या घरात सामानाचा टेम्पो यायच्या आधी इंदूमावशी आल्या. दारात उभं राहून त्यांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "झोपा."

"काय?"

"झोपा. पाठीवर. हात अंगाशी, पाय जुळवून. चला, मागे गर्दी आहे."

मागे कोणीही नव्हतं. अनोळखी बाईने आपल्याच घरात आपल्याला आडवं व्हायला सांगितलं तर काय करायचं, हे कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत. मी बायकोकडे, नीताकडे पाहिलं. ती पदराआड हसत होती, म्हणजे त्या बाजूने मदत येणार नव्हती. मी मुकाट्याने खिशातला मोबाइल काढून ठेवला आणि धुळीने भरलेल्या लादीवर आडवा झालो. मावशी माझ्या उशाशी बसल्या, टाळूला अंगठा टेकवला आणि वितीला वीत लावत, कानाजवळून, दंडाजवळून, गुडघ्याजवळून थेट टाचेपर्यंत पोचल्या.

"आठ विती, तीन बोटं. ठीक आहे. डबल बेल!" असं म्हणून त्या समोरच्या दाराआड गेल्या.

या आमच्या शेजारीण. एसटीतून निवृत्त झालेल्या कंडक्टर. खोपटच्या डेपोतून सुटणाऱ्या मुरबाडकडच्या गाड्यांवर त्यांची उभी नोकरी गेली. उभी म्हणजे अक्षरशः उभी. नोकरी संपली, पण बाई अजून गाडीतून उतरलेल्या नाहीत. कोणाचं बोलणं लांबलं की "सिंगल बेल!" आणि आपलं बोलणं संपलं की "डबल बेल!" लिफ्टमध्ये शिरल्या की पहिलं वाक्य, "आत सरका, आत सरका, मधे मोकळंच आहे." घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून पिळून आलेली पोरं पाठीला लॅपटॉपची बॅग लावून लिफ्टमध्ये उभी असतात. त्यांच्या बॅगा मावशींनी पुढे घ्यायला लावल्या आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीच्या लग्नात नवऱ्यामुलाला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं होतं, "शेवटच्या स्टॉपपर्यंत आहात ना? मधेच उतरायचं असेल तर आत्ताच सांगा."

आणि या सगळ्याच्या वर ते मापाचं वेड. वॉचमनला त्यांनी गेटच्या केबिनमध्ये आडवा करून मापला होता. कुरिअर घेऊन आलेल्या पोराला मापला. इस्त्रीवाल्याला दुकानाच्या टेबलावरच झोपवला, इस्त्री बाजूला ठेवून. सोसायटीत माणसं नावाने कमी आणि वितींनी जास्त ओळखली जायची. "ते साडेआठ विती काल भांडत होते बघ," असं त्या सहज म्हणत, आणि कोण ते आम्हाला बरोबर कळायचं.

या वेडाचं मूळ मुरबाडच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात होतं. त्या गावच्या बाया शिंदीच्या पानांच्या चटया विणतात आणि गुंडाळ्या घेऊन बाजाराला निघतात. अशी उभी गुंडाळी गाडीत शिरली की एकाच्या बरगडीत, दुसऱ्याच्या चष्म्यात. रोज भांडणं, आणि मिटवणार मावशी. एक दिवस गाडी नेमकी त्या गावाशी बंद पडली. ड्रायव्हर बॉनेट उघडून बसला आणि मावशी राधीबाईंच्या ओटीवर. राधीबाई म्हणजे तिथली सगळ्यात जुनी विणकरीण. ही बाई सुनेशी बोलत होती, कोंबड्यांना शिव्या घालत होती, मावशींना चहा घ्या म्हणून आग्रह करत होती, आणि त्या सगळ्यात तिच्या बोटांतून चार बोटं रुंदीची पट्टी सरसर बाहेर पडत होती. अशा पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून दाभणाने शिवल्या की चटई.

"मी बघतच बसले रे," मावशी मला सांगायच्या. आतापर्यंत मी 'अहो'वरून 'अरे'वर आलो होतो. "गाडी दुरुस्त झाली, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, पॅसेंजर बोंबलतायत, आणि कंडक्टरच गाडीत नाही!"

त्या गावची एक रीत मावशींना फार भावली होती. तिथे चटई माणसाची असते. ज्याला हवी त्याने आडवं व्हायचं, मग माप घ्यायचं, मग विणायचं. घरातल्या प्रत्येकाची वेगळी चटई. मूल वाढलं की त्याच्या चटईला पट्टी जोडायची. मावशी म्हणत, "दुकानातली चटई म्हणजे भाड्याची खोली. आपल्या मापाची म्हणजे मालकीची जागा." तेव्हापासून सुट्टी मिळाली की बाई मुरबाडच्या गाडीत, आणि निवृत्तीनंतर तर काय, सगळेच रविवार.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर अशाच एका रविवारी त्या परत आल्या आणि थेट आमच्या सोफ्यावर बसल्या. मावशी कधी सोफ्यावर बसत नाहीत, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिघडलंय.

"यंदा पाला तोडणार नाहीत म्हणे," त्या म्हणाल्या. "गावात टेम्पो येतो प्लास्टिकच्या चटया घेऊन. रंगीत, मोर काढलेल्या. राधीबाई म्हणतात, मागणी नाही तर पाला कशाला वाळवायचा? बाया वीटभट्टीवर निघाल्यात. एकदा गेल्या की परत ओटीवर बसणार नाहीत. त्यांची सून, संगीता, तिला तर अजून धड पट्टी धरता येत नाही. संपलं मग."

नीताने पाणी दिलं. ते न पिता मावशी उठल्या. "मागणी नाही काय? अख्खी बिल्डिंग आडवी करते!"

आणि खरंच केली हो! दुसऱ्या दिवसापासून मावशी सकाळ-संध्याकाळ मजले चढू लागल्या. जे आधीच मापलेले होते त्यांची मापं त्यांना पाठ होती. उरलेल्यांना त्या दारात गाठत. अडथळा एकच, आमचे सेक्रेटरी पालेकर. "सोसायटीत दारोदार विक्री चालणार नाही," अशी त्यांनी नोटीस लावली. मावशींनी ती वाचली आणि म्हणाल्या, "विक्री कुठे, मी तर नुसतं झोपवतेय."

पण पालेकरांची पाठ दुखत होती. डॉक्टरांनी गादी सोडा, जमिनीवर झोपा म्हणून सांगितलं होतं. एका सकाळी ते मावशींच्या दारात आले आणि इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "माझंही घ्या. पण बोलू नका कुठे."

मावशींनी त्यांना लिफ्टसमोरच झोपवलं. तेवढ्यात लिफ्ट उघडली आणि आतून पाच-सहा जणांनी सेक्रेटरींना मोकळ्या पॅसेजमध्ये हात अंगाशी घेऊन पडलेलं पाहिलं. एक बाई तर किंचाळलीच. मावशी मान वर न करता ओरडल्या, "आठ विती, दोन बोटं! पुढचा!"

त्यानंतर मग रांगच लागली. पार्किंगवरच्या मोकळ्या पोडियमवर संध्याकाळी माणसं ओळीने आडवी. मुलं तर दोनदोनदा मापून घेत. पाचव्या मजल्यावरचे जोशी अमेरिकेतल्या मुलाला व्हिडिओ कॉलवर घेऊन आले. तो बिचारा तिकडे हॉलमध्ये झोपून दाखवत होता. मावशींनी फोन परत दिला. "असं नाही होत, जोशी. माणूस समोर पाहिजे आणि त्याला हात लागला पाहिजे. त्याला म्हणावं, घरी ये."

मापं गावी पोचली. पाला तोडला गेला, वाळला. भट्टीवर निघालेल्या बाया थांबल्या. मावशी रोज संगीताला फोन करून विचारत, "कुठपर्यंत आली गाडी?" जानेवारीत एका दुपारी राधीबाई आणि संगीता खोपटला उतरल्या आणि तिथून चटयांनी भरलेला टेम्पो घेऊन आमच्या गेटमधून आत आल्या. काय सांगू, पोडियमभर तो वाळल्या पाल्याचा वास! सगळी बिल्डिंग खाली. नावानिशी चटया उलगडल्या आणि मावशी ओरडल्या, "जागा घ्या!"

आम्ही सगळे आपापल्या चटईवर आडवे झालो.

आणि सगळ्यांचे पाय बाहेर.

म्हणजे थोडेथोडके नाही. घोट्यांच्या वरपासून बाहेर. डोकं नीट चटईवर ठेवावं तर पाय लादीवर, पाय वर घ्यावे तर डोकं लादीवर. पालेकर आधी खाली सरकले, मग वर सरकले आणि मग मावशींकडे बघत तसेच पडून राहिले. कोणीतरी हसलं. मग कोणीतरी म्हणालं, "परत घेऊन जायला सांगा."

मावशींचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. त्या राधीबाईंकडे वळल्या. "अहो, मी मापं बरोबर दिली होती. एकेकाचं दोनदा घेतलंय."

राधीबाई इवलीशी बाई. मावशींच्या खांद्याला जेमतेम लागेल. तिने मावशींचा हात धरला आणि आपला पंजा त्यावर टेकवला. मावशींचा पंजा वर्षानुवर्षं गाडीतले छताचे दांडे धरून धरून झालेला, थाळीएवढा. त्यावर राधीबाईंचा हात म्हणजे लहान पोरीचा वाटत होता.

"घ्या!" राधीबाई म्हणाल्या. "माप तुमच्या वितीचं आन् इनलंय माज्या वितीनं. मापाला माजा हात पायजे व्हता, बाई. जो इनतो तोच मापतो."

ही साधी गोष्ट उत्साहाच्या भरात मावशी विसरल्या होत्या. त्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या. "सगळं वाया घालवलं मी," त्या म्हणाल्या. "आता कोण घेणार?"

"येवढं तोंड काय पाडताय?" राधीबाईंनी पदर खोचला. "पोर वाढलं का पट्टी जोडतोच ना आमी? समजायचं, समदी बिल्डिंग वाढली! झोपा रे समदे परत!"

आणि अख्खी बिल्डिंग हसत हसत परत आडवी झाली. परत घेऊन जा म्हणणारा सगळ्यात आधी झोपला. या वेळी माप राधीबाईंच्या हाताने. जादा पाला लागणार होता, तर मावशींनी डेपोतल्या ओळखी वापरून तो मुरबाडच्या गाडीने मागवला. सासू-सून दोघी मावशींच्याच घरी राहिल्या आणि पोडियमवर ओटी थाटली. आधी बघायला म्हणून बायका बसल्या, मग पाला भिजवून द्यायला, मग हातच घालायला लागल्या. नीताने ऑफिसला दांडी मारून वीतभर पट्टी विणली, ती इतकी वाकडी की राधीबाईंनी ती प्रेमाने उसवली. आणि ज्या संगीताला पट्टी धरता येत नव्हती, ती चार शहरी बायकांना शिकवता शिकवता स्वतःच अशी विणू लागली की राधीबाई हात थांबवून बघत राहिल्या. शेजारच्या बिल्डिंगची माणसं कुंपणावरून विचारू लागली, आमचं माप कधी? मावशी नुसत्या इकडून तिकडे पळत होत्या. "आत सरका, आत सरका, सगळ्यांना मिळेल!"

शेवटची पट्टी शिवून झाली त्या दिवशी राधीबाईंनी दाभण ठेवलं. "फुडल्या साली पाला तोडणार आमी. नक्की," त्या म्हणाल्या. "पन पयली चटई तुमची, बाई. इतकी वर्सं येताय माज्या ओटीवर, एकदा आडव्या झाला न्हाय."

"माझी कशाला?" मावशी म्हणाल्या. "मी बसल्या बसल्या झोपणारी. एसटीची सवय."

"घरी कुनी माप घ्येतलं असंल तर सांगा."

मावशी साडीवरच्या पाल्याच्या काड्या झटकू लागल्या. स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही, त्याला घरात दुसरं माणूस लागतं. समोरच्या त्या दाराआड दुसरं माणूस कधीच नव्हतं.

"झोपा," राधीबाई म्हणाल्या.

आमच्या सगळ्यांसमोर, पोडियमच्या लादीवर, इंदूमावशी आडव्या झाल्या. लाजल्या होत्या. साडी पायांवर नीट ओढून घेतली, हात अंगाशी घेतले, डोळे मिटले. राधीबाईंचा तो इवलासा हात टाळूपासून निघाला आणि कानाजवळून, खांद्याजवळून सावकाश टाचेपर्यंत गेला.

"धा विती. झालं, उठा."

मावशी उठल्या नाहीत. डोळे मिटलेलेच होते आणि त्यांच्या कडेने पाणी कानापर्यंत आलं होतं.

"परत एकदा घ्या," त्या म्हणाल्या. "चुकलं असेल."

राधीबाईंचं माप चुकत नाही हे आता बिल्डिंगमधल्या पोराटोरांनाही माहीत होतं. तरी त्या उठून पुन्हा मावशींच्या उशाशी जाऊन बसल्या, त्यांचे पांढरे केस कपाळावरून मागे सारले आणि टाळूवर अंगठा टेकवला.