परमुलखी राणीसाहेबांनी गावची वाइन वरून प्राशन केली ते प्रकरण

श्रीद्राक्षवल्ली साह्य असो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, आश्विन वद्य द्वितीया, मंदवार, दिवसा अकरा वाजून वीस मिनिटांनी जावईबापू श्रीनिवास यांचा पांढरा सदरा गळ्यापासून खिशापर्यंत तांबडा जाहला. जखम नाही, वाइन सांडली. सलग चौथे वर्ष. हजर असामी चार: जावईबापू, त्यांचे सासरे महाराज मुकुंदराव, जे मूळ राज्यातून, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी इतक्या मुलखातून, लेकीचे भेटीस परमुलखी आले होते, राणीसाहेब सुमतीबाई, आणि वाइनच्या तळघराची मालकीण मोन्सेबाई, वय वर्षे एक्क्याऐंशी. राजकन्या इस्पितळी कामावर होत्या, सबब गैरहजर.

त्या गावची रीत ऐसी की मोन्सेबाईच्या पिंपातील वाइन पाण्याच्या बाटलीहून स्वस्त, आणि लोक तेलाचे रिकामे कॅन धुऊन आणीत आणि भरून नेत. परंतु मिळे ती ज्याचे नाव तळघराच्या भिंतीवर खडूने लिहिले असेल त्यासच, इतरांनी बाजारात जाऊन लेबलाची बाटली घ्यावी. नाव चढविण्यास परीक्षा एकच. काचेचे एक भांडे असे, आपल्याकडील झारीसारखे, त्यास बारीक चोच, त्यास पोरोन म्हणत. ते हात ताठ करून उंच धरावे, धार तोंडात घ्यावी, मोन्सेबाईने दहा आकडे मोजावे आणि तोवर थेंब अंगावर पडू नये. वर्षातून एक दिवस, आणि त्या दिवशी घरातील कोणीही प्यावे. जावईबापूंनी त्या गावी घर घेतले, भाषा शिकले, विहिरीचा गाळ काढण्यास सर्वांआधी उतरले, तरी पाववाली त्यांस अद्याप "तिकडचे" म्हणे आणि पाव देताना नाव विचारी. त्यांचे मनी चार वर्षे एकच होते की भिंतीवर नाव चढावे आणि आपण गावचे व्हावे. चौथा सदराही गेला, तेव्हा ते पिंपावर बसले.

मग महाराज पुढे सरसावले आणि म्हणाले, "हात्तिच्या! आण इकडं. मी व्हिडिओ पाहिलेत, आधी गोल फिरवून वास घ्यायचा असतो." ऐसे बोलून त्यांनी पोरोन गरगर फिरविला, आणि चोचीतून वाइन उडून पिंपावर, भिंतीवर आणि मोन्सेबाईच्या चष्म्यावर पडली. मोन्सेबाईंनी चष्मा पुसला आणि त्या काही वदल्या. महाराजांनी अर्थ पुसला. जावईबापू म्हणाले, "बाबा, त्या म्हणतायत, प्यायचीये, शिंपडायची नाहीये." मग महाराजांनी धार धरली, ती मिशीवर आली, आणि तिसऱ्या आकड्यास मोहीम संपली. सदऱ्यावर डाग किती याविषयी दोन मते आहेत. महाराज एक सांगतात, प्रत्यक्ष पाहता पाच भरले.

राणीसाहेब आतापावेतो दाराजवळ पिशवी सांभाळून उभ्या होत्या. त्यांनी जन्मात वाइन चाखली नव्हती, आणि चाखण्याची इच्छाही दर्शविली नव्हती. परंतु जावयाचा चेहरा पाहून त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, "श्रीनिवास, तू घोट घेताना तोंड मिटतोस. मिटायचं नाही. घसा उघडा ठेवायचा आणि तसंच गिळायचं. आमच्याकडं पंगतीत तीस माणसांत एक तांब्या फिरायचा. ओठ लागला की आत्या तोच तांब्या चिंचेनं घासायला बसवायच्या."

महाराज म्हणाले, "अगं, ते पाणी होतं. ही दारू आहे."

राणीसाहेब म्हणाल्या, "कळतंय मला. तुमच्या मिशीला वास येतोय तिचा."

"आणि घरी कळलं तर?"

"सांगणार कोण? तुम्ही? मग मिशीचंही सांगा."

राणीसाहेबांनी पदर कमरेस खोचला, चष्मा काढून जावयाकडे दिला, पोरोन उचलला आणि हात ताठ केला. आणि धार निघाली ती सरळ घशात, आणि मोन्सेबाई मोजू लागल्या, आणि दहा जाहले तरी धार तुटेना, आणि जावईबापू पिंपावरून उठले, आणि मोन्सेबाई मोजतच राहिल्या, आणि तेविसाव्या आकड्यास राणीसाहेबांनी मनगट वळवून धार तोडली. पदर कोरडा, हनुवटी कोरडी. महाराजांनी वाकून फरशीही तपासली. तीवरील सर्व थेंब त्यांचे स्वतःचे निघाले.

मोन्सेबाईंनी काठी तीन वेळा आपटली आणि राणीसाहेबांचे गाल धरले. मग पुसले की चव कैसी. राणीसाहेब म्हणाल्या, "आमसुलाच्या साराला फोडणी द्यायची राहून गेलीय. पण वाईट नाही हं. जेवणाबरोबर चालेल." जावईबापूंनी याचे भाषांतर काय केले ते त्यांचे त्यांस ठाऊक, म्हातारी बहुत हसली आणि पाच लिटरचा कॅन काठोकाठ भरून दिला. मग चौघे अंगणात उन्हास बसले, आणि पावावर टोमॅटो चोळून त्यावर राणीसाहेबांच्या पिशवीतील लसणाची चटणी घातली, आणि मोन्सेबाईच्या डोळ्यांत पाणी आले, तरी तिने दुसरा तुकडा मागितला. महाराजांनी पेल्यातून पिऊन वाइनचा सविस्तर गौरव केला. जावईबापू डागांचा सदरा अंगी तसाच ठेवून चार वर्षांत प्रथमच त्या अंगणात पाय लांब करून बसले.

मग नाव लिहिणे आले. जावईबापूंनी आपले आडनाव सांगितले. मोन्सेबाई म्हणाल्या, "प्यायली कोण?" आणि खडू घेऊन ठळक अक्षरी "सुमती" ऐसे लिहिले, गावच्या लिपीत. पुढे म्हणाल्या की नाव ज्याचे त्याने नोव्हेंबरच्या अकरा तारखेस नव्या वाइनचे पिंप उघडते तेव्हा जातीने यावे आणि पहिला पेला घ्यावा. तोवर सर्व घराने खुशाल कॅन भरावे, न आल्यास नाव पुसले जाईल, मग पुढील वर्षी पाहू. हे कोणी आधी सांगितले नव्हते. जावईबापूंनी हळूच विचारले, "आई, तुमचं परतीचं तिकीट कधीचं?" राणीसाहेब म्हणाल्या, "सोमवारचं. वसुबारसेचं."

एवंच, वाइन बरी, स्वस्त आणि खरी. नाव भिंतीवर आहे. आणि मंगळवारी पाववालीने जावईबापूंस "सुमतीचा जावई" ऐसी हाक मारून नाव न विचारता पाव दिला. राणीसाहेबांनी महाराजांस कळविले की तुम्ही पुढे व्हा, फराळ यंदा विकतचा आणा. महाराजांनी कळविले की दिवाळीस राणीवाचून राज्य ही गोष्ट कदापि घडली नाही. आपण राहावे की जावे हे मात्र ते बोलत नाहीत. शुक्रवार दुपारी बारापर्यंतची पक्की खबर इतकीच की राणीसाहेबांची बॅग रिकामी आहे, आणि महाराजांनी आपला स्वेटर बॅगेतून दोन वेळा काढला आणि एक वेळ परत ठेवला. हे लिहिते समयी स्वेटर पलंगावर आहे.