बेरीची बिस्किटं

सोपानआबांनी मुलासाठी भाजलेली बिस्किटं वर्षानुवर्षं मी खाल्ली. हे आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

आबा आमचे सणसरचे शेजारी. जन्म ट्रॅक्टर दुरुस्तीत गेलेला, गळ्यात तुळशीची माळ. बायको गेल्यावर माणसं देवाधर्माला लागतात. आबा लोण्याला लागले. मोबाइलवर कुणी गोरी बाई लोणी तांबूस होईस्तोवर कढवताना त्यांनी पाहिली आणि मला कुंपणावरून हाक मारली. "बाळ्या, हिकडं ये. ही बाई तूप करायला बसली आन् बेरी गाळायचीच इसरली. तशीच पीठ कालवतीय बघ."

त्या बाईचा विसराळूपणा आबांनी शास्त्र म्हणून उचलला. आपल्याकडं तूप गाळतात आणि खाली राहिलेली तांबूस बेरी साखर घालून पोरांना देतात. आबा बेरीसकटच मैदा मळायचे. ऑइलच्या ड्रमची भट्टी, बेअरिंगच्या जुन्या कडीनं पाडलेली बिस्किटं, वर दालचिनी आणि साखर. अंडं अर्थातच नाही. दालचिनी बारामतीच्या अत्तारभाईंच्या दुकानातली, तीही चावून बघितल्याशिवाय घ्यायची नाही. "आबा, एक दिस माझं दुकान चावून संपवताल," भाई म्हणायचे.

लोणी कढताना कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. इंजिनाला लावावा तसा कान पातेल्याकडं लावून बसायचे. एकदा सरपंच मतं मागायला आले, तर आबांनी त्यांना हातानंच गप्प केलं. लोण्याची तडतड थांबली, पातेलं उतरवलं, मग म्हणाले, "हां, आता तुमी बोला. त्याचं सांगून झालं."

पोटच्या पोराचं मात्र त्यांनी कधी पुरतं ऐकून घेतलं नाही. विलासनं भिगवणला मासळीचं हॉटेल टाकलं त्या दिवशी, "मासं तळणाऱ्याला माळकऱ्याच्या घरात पाट न्हाय," एवढंच म्हणाले. तो गेला तो गेला.

हाच विलास लहानपणी बेरीचं पातेलं असं चाटायचा, की घासायला लागायचं नाही. "बेरी डब्यातनं धाडली तर कडू पडती," आबा मला म्हणाले. "बिस्कीट चार दिस टिकतं." हा सगळा खटाटोप कशापायी होता, ते मला तेव्हा कळलं. मी भिगवणला शाळेत कारकून, रोज मोटरसायकलवर जाणारा. डबा माझ्या पिशवीत आला.

पहिला डबा मी खरंच नेला. विलास तळणीसमोर उभा होता. झाकणही उघडलं नाही त्यानं. "बाळ्या, आबांना म्हणावं, तुमी सोता घेऊन या. आत नका येऊ, दारात द्या. पर तुमच्या हातनं."

माळ घातलेला माणूस मासळीच्या हॉटेलच्या दारात? आबा जायचे नाहीत, उगीच म्हातारा दुखावेल, असं मी स्वतःला पटवलं आणि डबा शाळेत उघडला. शिपायाला दोन दिली, बाकी मी खाल्ली.

संध्याकाळी आबा कुंपणाशी उभेच. "काय म्हणाला?"

"दालचिनी जास्त झाली म्हणाला."

मला जास्त वाटली होती, तेच सांगितलं. पुढच्या डब्यात ती कमी झाली. मग विलासच्या नावावर मी मिठाची चिमूट घालायला लावली, कड जरा कडक करून घेतली. "पोराची जीभ आईवर गेलीया," आबा कौतुकानं म्हणायचे. दर खेपेला माझ्यासाठी वाटीत चमचाभर बेरी आणि साखर काढून ठेवायचे. "ही तुझी हमाली." आमच्या घरी बेरी कायम थोरल्या भावाची असायची. हे मी कारण म्हणून सांगत नाही.

गेल्या दिवाळीआधी आबा म्हणाले, "बाळ्या, ह्या टायमाला मला बी ने. मी भायेर उभा ऱ्हाईन. त्याला तळायचं ते तळू दे. डबा तेवढा हातात दीन."

"गाडीचं काम निघालंय, आबा. पुढच्या महिन्यात जाऊ."

"आण की हिकडं. मी कशाला हाय?"

गाडीला काहीही झालेलं नव्हतं. आबांनी ती एका लाथेत सुरू केली असती. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे मी चांगली गाडी बारामतीच्या गॅरेजात टाकली आणि बसनं परत आलो. मेकॅनिकनं विचारलं, काय बिघडलंय? मी म्हणालो, बघा तुम्हीच.

पुढच्या महिन्यात आबा नव्हते.

दहाव्याला विलास आला. सगळं उरकल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "मी निरोप दिलता तुझ्यापाशी. आबा का न्हाय आलं?"

खरं बोलायला तेवढी एक जागा उरली होती. "निरोप पोचवला होता," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. "वाटलंच व्हतं. दगड माणूस." मग लोक जेवायला बसले. मीही बसलो.

ड्रमच्या भट्टीत आता कोंबडी अंडी घालते. आबांना हे चाललं नसतं. मी एकदा घरी लोणी कढवून पाहिलं. कान लावूनही मला काही कळलं नाही, बेरी काळी पडली. विलासचं हॉटेल माझ्या रोजच्या रस्त्यावर आहे. तिथं थांबून त्याला एवढंच सांगायचं आहे, की निरोप मी दिलाच नव्हता, आणि तरीही आबा दारात उभं राहायला निघाले होते. एवढं मी विलासचं देणं लागतो.