पुराणिककाकांचं काजळ

आमच्या मजल्यावरचे पुराणिककाका ब्रह्मचारी; पण शर्टाच्या खिशात पेनाशेजारी काजळाची डबी. नव्वदच्या दशकात कॉलेज रोडच्या आमच्या सोसायटीत यावर जेवढी चर्चा झाली तेवढी निवडणुकांवरही झाली नसेल.

काका सरकारी भूजलतज्ज्ञ. गावोगावच्या विहिरींत टेप सोडून पाणी किती खोल गेलं ते मोजायचं, हे त्यांचं काम. आम्ही नवी फरशी कौतुकाने दाखवली, तर म्हणाले, "फरशीचं सोडा, खाली खडक कुठला?" माझ्या लग्नात तर हातात अक्षता धरून ते मांडवाच्या खांबाचा खड्डा न्याहाळत होते. "मुरूम छान लागलाय," हाच आम्हाला आशीर्वाद.

शेवटी न राहवून मी काजळाचं विचारलंच.

सिन्नरकडच्या एका गावात ठकूबाई नावाच्या म्हातारीची विहीर होती. काकांनी टेप काढला, तशी बाई कठड्यावर आडवीच झाली.

"मोजू नको! लेकरू मोजलं की खुंटतं, पानी मोजलं की उतरतं."

"आजी, उन्हाळ्यात पाणी उतरणारच."

"मंग उन्हाळ्यातच कशाला मोजाया येतो?"

काकांनी नोंदवही चाळून पाहिली. दर उन्हाळ्यात ते आले की पाणी उतरलेलं, हे त्यांच्याच आकड्यांनी सिद्ध होत होतं. न मोजावं, तर इतक्या वर्षांची नोंद तुटणार, आणि काकांचा सगळा जीव त्या नोंदीत. अखेर तोड निघाली. आधी विहिरीला काजळाची तीट, मग टेप.

"शास्त्रात बसत नाही," काका म्हणाले, "पण टेपची काही हरकत नाही."

पुढे ते सगळ्याच विहिरींना तीट लावू लागले. एकीला लावायची आणि बाकीच्यांना नाही, हे त्यांना बरं दिसेना.

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात काका जिन्यात भेटले. गालावर रुपयाएवढा काळा ठिपका.

"काका, काजळ लागलंय."

"माहीत आहे."

त्या दिवशी सिन्नरकडच्या त्या विहिरीवर टेप गुंडाळून ते म्हणाले होते, "आजी, आता मी येणार नाही. सुटका तुमची." तर ठकूबाई बिथरलीच. "मंग आता कोन मोजनार? विहिरीला तुझी सवय झालीय!" मग डबी हिसकावून तिने काकांच्याच गालाला बोट टेकवलं. "घरी तीट लावाया कोन हाय तुला?"

मी पुसायला रुमाल काढला. काका एक पायरी मागे सरकले.

"राहू दे. आई गेल्यावर पहिल्यांदाच कुणी लावलीय."

पुढे आठवडाभर काकांनी तेवढी जागा सोडून दाढी केली.