काकूंचं छत

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले पेंडसे काका कुणालाही काहीही विचारत नाहीत. आमच्या दाराची बेल त्यांना कर्कश वाटायची. एक दिवस मी ऑफिसातून घरी आले तर बेल बदललेली. "काका, निदान विचारायचं तरी," म्हटलं, तर म्हणाले, "तुम्ही नाही म्हणाला असतात. मग मला ते ऐकावं लागलं असतं." पुतणीच्या लग्नात त्यांनी आचाऱ्याला परस्पर गाठून जिलबीऐवजी श्रीखंड करायला लावलं. का, तर जिलबीनं व्याह्यांना खोकला होईल. व्याह्यांनी ती जिलबी स्वतः सांगितली होती.

काका एका कारखान्यात तपासनीस होते. चूक दिसली की खडूनं फुली मारायची, समोरच्याचं मत घ्यायचं नाही, ही तिथली सवय.

स्वतःच्या घरातल्या एका गोष्टीवर मात्र त्यांनी कधी फुली मारली नाही, ती म्हणजे बेडरूमचं छत. फ्लॅट घेतला तेव्हा तशी फॅशन होती. पांढऱ्या लगद्याचा जाड थर द्यायचा आणि तो ओला असतानाच त्यावर झाडूचे फटकारे मारून काटे काढायचे. काकांनी हौसेनं करून घेतलं. काकूंना ते पहिल्या दिवसापासून आवडलं नाही. त्यात जळमटं अडकायची, कुंचा फिरवला की डोळ्यांत कण पडायचे. दर दिवाळीला त्या म्हणायच्या, "अहो, एवढं सपाट करून घ्या." काकांचं उत्तर ठरलेलं. "छत बघायला कोण जातंय? झोपल्यावर डोळे मिटायचे असतात."

मग काकूंना अर्धांगवायू झाला. बोलणं हळूहळू परत आलं, पण उठणं कायमचं संपलं. त्यांचं सगळं काकाच करतात. एकदा जिन्यात मला थांबवून म्हणाले, "तिला जे आवडत नाही, नेमकं तेच मी दिवसभर तिच्या डोळ्यांपुढे टांगून ठेवलंय." हे बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"मग काकूंना विचारून काढून टाका की."

"त्यात विचारायचं काय? इतक्या दिवाळ्या सांगतेय ती."

काकूंना खराडीला लेकीकडे ठेवलं. काकांनी रंगारी बोलावला आणि त्याच्या हातातली खरवडायची पत्ती काढून घेतली. पाणी मारायचं, थर भिजू द्यायचा, मग खरवडायचं. काका टेबलावर स्टूल ठेवून उभे. भुवया पांढऱ्या, बनियन पांढरं, चष्म्याच्या काचासुद्धा पांढऱ्या. रंगारी खाली उभा राहून स्टूल धरायचा. मी चहा घेऊन गेले तेव्हा तो मला हळूच म्हणाला, "ताई, पगार मला, काम साहेबांना." शेवटी वर लांबी, म्हणजे रंगाऱ्यांची ती पांढरी पुट्टी, भरून, घासून, छत ताटासारखं गुळगुळीत झालं. काका इतके खूश मी कधी बघितले नव्हते.

काकूंना आणलं, पलंगावर निजवलं. काका पायथ्याशी उभे राहिले. काकू वर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "घोडा कुठे गेला?"

काका घाबरले. त्यांना वाटलं, पुन्हा झटका आला. पण काकू शुद्धीवर होत्या. "खिडकीच्या वर, त्या काट्यांत, घोडा होता. पंख्याजवळ पाटीवाली बाई. कोपऱ्यात खडकवासल्याचा काठ होता, झाडांसकट. सकाळी मी घोड्यापासून बघायला सुरुवात करायचे. काठापर्यंत पोचेतो तुम्ही चहा आणायचात."

"पण तूच तर मागे लागली होतीस."

"तेव्हा मी हिंडत होते," काकू म्हणाल्या.

मी तिथून निघून आले.

दुसऱ्या दिवशी परत टेबल, परत स्टूल. या खेपेला मी धरलं, कारण रंगाऱ्यानं हात जोडले होते. असलं काम आता कुणी करत नाही, म्हणाला. काकांनी खिडकीच्या वर लांबीचे गोळे थापले, झाडू मारला, उतरून बघितलं, पुन्हा चढले. घोडा होईना. आधी म्हशीसारखं काहीतरी झालं, मग तेही राहिलं नाही. "कान कुठे होते, सांग," ते वरून विचारत होते आणि काकू म्हणत होत्या, "राहू द्या. उतरा आता. पडाल."

ते उतरले आणि बाथरूममध्ये गेले. नळ बराच वेळ सुरू होता.

परवा संध्याकाळी डबा द्यायला गेले. दार उघडंच होतं. काकूंच्या पलंगाशेजारी काका खाली सतरंजीवर उताणे पडले होते. गुळगुळीत छतावर तेवढाच एक ओबडधोबड डाग. दोघंही तिकडे बघत होती.

"मला नुसती लांबी दिसतेय," काका म्हणाले.

"चष्मा काढून बघा."

काकांनी चष्मा काढला आणि छातीवर ठेवला.

मी डबा ओट्यावर ठेवला आणि चपला हातात घेऊन बाहेर आले.