मांडीवरचे आबाजी

सौरवनं धरमपेठेत जाऊन उजव्या मांडीवर आजोबांचा चेहरा गोंदवून घेतला, तोही टोपीपासून मिशीपर्यंत पूर्ण! खरं तर त्याला तो दंडावर हवा होता. पण टॅटूवाल्यानं दंड दाबून पाहिला आणि म्हणाला, "भाऊ, एवढ्यात मिशी नाई बसत." कबड्डीवाल्याची मांडी मात्र ही एवढी. बसले आजोबा.

दुसऱ्या दिवशी चड्डीत मैदानावर उतरला आणि कबड्डीच्या धर्मेंद्र सरांनी ते पाहिलं. सरांना टॅटूचा भयंकर राग. मागच्या वर्षी एका पोराच्या मानेवर विंचू होता, तर बघायला आलेले लोक अख्ख्या टीमलाच टपोरी म्हणाले. आता विद्यापीठाच्या संघासाठी कॉलेजातून एकच नाव जायचं होतं, आणि ते सौरवचं होतं. त्या सकाळपर्यंत.

"काय गा हे?" सर ओरडले. "लोकं आजोबाच्या मांडीवर बसते, तू आजोबालेच बसवून घेतलं? नाव कापून राहिलो मी तुह्यं!"

सौरव चड्डी खाली ओढून आजोबांना झाकू लागला. मग कॅप्टन साहिल मध्ये पडला, आणि तिथंच सगळं बिघडलं. "सर, आबाजी गेले त्याचे. आठवण म्हणून काढलं बिचाऱ्यानं."

सरांनी एकही प्रश्न विचारला नाही. लोक चेहरा गोंदवतात तो गेलेल्या माणसाचा. जित्या माणसाचा कोण गोंदवतो? आबाजी, म्हणजे चंपतराव, त्या क्षणी सावनेरला कपाशीत उभे होते. वय ब्याऐंशी, तब्येत ठणठणीत.

"गेलेल्याचं असंल त चालते," सर डोळे पुसत म्हणाले. "फक्त गेलेल्याचंच चालते." आणि चप्पल काढून त्यांनी सौरवच्या मांडीला नमस्कार केला.

पुढं तर ऐकाच. सौरव गुडघा वाकवायचा तेव्हा आबाजी डोळे बारीक करायचे. तो पळाला की ओठ हलायचे, काहीतरी सांगत असल्यासारखे. थांबला की घाम नेमका डोळ्यांखालून ओघळायचा. आणि चढाईआधी मांडीवर थाप तर मारावीच लागते! सौरव आजोबांच्या गालावर सणकन वाजवायचा आणि पुटपुटायचा, "माफ करा, आबाजी." समोरची पोरं त्याचे हात सोडून मांडीकडेच बघत राहायची आणि बाद व्हायची. सरांनी तर तंबाखूचा खर्रा सोडला. "पाहून राहिले ते," मांडीकडे बोट दाखवून हळूच म्हणायचे.

पंधरा दिवसांनी हुडकेश्वरला मॅच होती, नाव पाठवण्याआधीची शेवटची. सौरवची मांडी आखडली होती, म्हणून साहिलनं तिच्यावर पट्टी गुंडाळली. आबाजी पूर्ण झाकले गेले. दिवस मावळत आला होता, लाईट लागले नव्हते, धुळीत माणसं अर्धवटच दिसत होती. सौरव पलीकडे रेषेबाहेर पाय झटकत उभा. सर बाकावर. शेजारी कुणीतरी येऊन बसलं.

"काहून जी, माह्या नातवाले बाहेर ठेवलं?"

सर वळले. तीच टोपी. तीच मिशी. सरांनी हळूहळू मान फिरवून सौरवच्या मांडीकडे पाहिलं. तिथं नुसती पांढरी पट्टी होती. चेहरा इकडे होता.

"सौरव! उतर! आत उतर लवकर!" सर किंचाळले, आणि नुकत्याच बाद झालेल्या साहिलचा हात त्यांनी धरला. "साहिल, बाकावर कोणी दिसून राहिलं का तुले?"

न सांगता नातवाची मॅच बघायला आलेले आबाजी साहिलनं लगेच ओळखले. पंधरा दिवस रोज बघत होता ना! पण हो म्हटलं की सौरवचं नाव गेलं.

"कोण सर? बाक त रिकामा आहे."

"रिकामाच आहे सर," मागची चार पोरंही म्हणाली.

"रिकामा?" चंपतराव म्हणाले. "पोट्टेहो, मी बसलो हाय ना इथं!"

कुणी वळलं नाही. त्यांनी पाणी मागितलं. बाटलीवाला पोरगा त्यांच्या पलीकडे बघत निघून गेला. ते खाकरले. मोठ्यानं खाकरले. मग त्यांनी स्वतःच्याच हाताला चिमटा काढून पाहिला.

तेवढ्यात सौरव चढाईला गेला. धावता धावता पट्टी सुटली, आणि अंधुक उजेडात चंपतरावांना नातवाच्या मांडीवर स्वतःचा चेहरा दिसला. ओठ हलत होते. असा चेहरा कुणाचा काढतात, हे सावनेरातही माहीत होतंच. त्यांनी टोपी काढली.

"मी कवा गेलो गा?" त्यांनी कुणालाच न बघता विचारलं.

'कबड्डी, कबड्डी' म्हणणाऱ्या सौरवचा दमच तुटला. चढाई, पॉइंट, नाव, सगळं सोडून तो रेषेबाहेर धावला आणि आबाजींना त्यानं घट्ट मिठी मारली. "जित्ते हाय जी तुमी! ह्या साहिल्यानं मारलं तुमाले! माह्या नावासाठी!"

सरांनी पुढं होऊन चंपतरावांची नाडी धरली. बराच वेळ धरली. मग त्यांचा चेहरा लाल झाला. "मी काय म्हटलं होतं? गेलेल्याचंच चालते. हे त चालते-बोलते आहे!" त्यांनी खिशातून नावाचा कागद काढला, पेन काढला.

"थांबा जी," चंपतराव म्हणाले. "पोराचा काही दोष नाई. खेळ कधी हाय तो मोठा, विद्यापीठाचा?"

"बारा तारखेले."

चंपतरावांनी शांतपणे बोटांवर मोजलं. "चवदा दिवस हाय. नाव राहू द्या. तोवर पाहतो मी काही."

मैदानावर लाईट लागले. कुणीही हसलं नाही. सरांनी पेन खिशात घातला, आणि त्याच संध्याकाळी नाव पाठवून दिलं.

आता रोज सकाळी सहाला धर्मेंद्र सर सावनेरला फोन लावतात. फोन उचलला जाईपर्यंत श्वास घेत नाहीत.

"आबाजी, आहे ना जी? काही करू नका, नाव कवाच गेलं!"

"हाय, अजून हाय," तिकडून आवाज येतो. "पण तारीख ध्यानात हाय माह्या."